आम्रपालीची राखीव नळी

महाडात एखाद्याच्या हाताची शीर सापडत नसली की आम्रपालीला बोलवायचं, हे वीस वर्षांपासून ठरून गेलेलं आहे. सुकून गेलेले म्हातारे, गुबगुबीत हातांच्या बायका, सुई दिसताच उठून पळणारे पहिलवान, सगळे तिच्यापुढे गप बसतात. ती मनगट हातात घेते, कोपराच्या खोबणीत दोन बोटं फिरवते आणि भलतंच काहीतरी विचारते. लावणी झाली का, पोलादपूरला एसटी वेळेवर सुटली का. माणूस उत्तराची जुळवाजुळव करतो तोवर नळी भरलेली असते. या हाताचा आम्रपालीला अभिमान होता आणि तो ती लपवत नसे.

ती दासगावच्या एका शाळामास्तरांची धाकटी मुलगी. बारावीनंतर पनवेलला लॅबचा कोर्स केला आणि दोन हजार तीन साली महाडातल्या एका खाजगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये चिकटली, ती अजून तिथेच आहे. तेव्हा लॅब म्हणजे तळमजल्यावरची एक खोली, एक सूक्ष्मदर्शक आणि एक कुरकुरणारा फ्रिज. साध्या चार तपासण्या तिथे व्हायच्या, बाकीचं रक्त मुंबईला जायचं. कसं जायचं, तर संध्याकाळच्या एसटीने, बर्फाच्या डब्यातून, कंडक्टरच्या सीटखाली. कंडक्टरचं नाव राहुल. वर्षभराने त्याची ड्युटी बदलली, डबा दुसऱ्याच्या हाती गेला, तरी हा गृहस्थ रोज संध्याकाळी लॅबच्या दारात हजर. शेवटी मास्तरांनीच त्याला घरी बोलावून विचारलं आणि लग्न लावून दिलं.

डब्याची एक मोठी खोड होती. महामार्गाला तेव्हा खड्डे होते, आणि रुंदीकरणाचं काम निघाल्यावर तर खड्ड्यांनाही खड्डे पडले. हिंदकळून हिंदकळून नळीतल्या रक्तपेशी फुटायच्या, आणि दुसऱ्या दिवशी मुंबईहून फोन यायचा की सॅम्पल खराब झालंय, पुन्हा पाठवा. पाठवणार कुठून? पेशंट तोवर डोंगरातल्या आपल्या वाडीवर पोचलेला असायचा. कापडे गावाच्या वरच्या अंगाचा सदू नावाचा एक म्हातारा असाच तीनदा खाली आला. तिसऱ्या वेळी तो पायरीवर बसला आणि शांतपणे म्हणाला, "बाय, माझं रगत काय मुंबयला पोचत नाय. मीच जाऊन देऊ काय?"

त्या दिवशी आम्रपालीने नियम केला. मुंबईला जाणारं असो वा नसो, प्रत्येक पेशंटची एक नळी जादा भरायची, तिच्यावर निळ्या पेनाने 'राखीव' लिहायचं, फ्रिजमध्ये तीन दिवस ठेवायची आणि मग टाकून द्यायची. पहिलं सॅम्पल बिघडलं तर राखीव नळी पाठवायची. मोठ्या माणसाला त्या दोन-अडीच मिलीचं काय होतं? डासही जास्त पितात, असं ती हसून सांगायची. किती लोकांचे हेलपाटे वाचले त्याला गणती नाही. मालकांनी वार्षिक समारंभात तिला शाल-श्रीफळ दिलं, गावातल्या बाकीच्या लॅबनी नियम उचलला, आणि तिने हाताखाली शिकवलेल्या मुलींनी तो पाठ केला. एकवीस सालच्या पुरात लॅब छतापर्यंत बुडाली. नवी लॅब पहिल्या मजल्यावर मांडली तेव्हा आम्रपालीने भिंतीवर पहिला कागद लावला तो हाच, स्वतःच्या अक्षरात, प्लॅस्टिकमध्ये चिकटवून.

पुढच्याच वर्षी दुसऱ्या मजल्यावर नवजात बाळांचा विभाग सुरू झाला. अपुऱ्या दिवसांची, किलो-सव्वाकिलोची बाळं आता मुंबईला न धाडता इथेच काचेच्या पेटीत ठेवायला लागले. एव्हाना लॅबमध्ये सगळी यंत्रं आली होती. मुंबईला महिन्यातून चार-दोन नळ्या जायच्या, त्याही कुरिअरच्या गाडीने. म्हणजे राखीव नळीचं काम संपलं होतं. पण काम संपलं म्हणून नियमाला कुणी जा म्हटलं नाही, आणि जिना चढून तो वरच्या मजल्यावरही गेला. बाळांची शीर म्हणजे शिवणाचा दोरा, ती आम्रपालीशिवाय कुणाला सापडणार? रोज सकाळी ती वर जायची. बाळ म्हणून दया यायची, म्हणून नळी निम्मीच भरायची, सव्वा मिली. आणि राखीवही निम्मीच, सव्वा मिली. आपण फार जपून घेतो असं तिला मनापासून वाटायचं.

यंदा फेब्रुवारीच्या अखेरीला कापड्याची उज्वला बाळंत झाली. सातवा महिना पुरता सरला नव्हता. मुलगा, वजन अकराशे पन्नास ग्रॅम. नवरा मुंबईला लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत, शनिवारी यायचा आणि रविवारी जायचा. बरोबर सासू कमळाबाई. उज्वला आत बाळाला छातीशी धरून बसायची आणि कमळाबाई बाहेरच्या बाकावर. तिचं काम एकच, कोण आत गेलं आणि कोण काय घेऊन बाहेर आलं ते बघायचं.

बाळाला आधी श्वासाचा त्रास, मग कावीळ, मग जंतुसंसर्गाची शंका. विभागाचे डॉक्टर ऋत्विक जानेवारीतच रुजू झालेले, तरुण, काळजी घेणारे. ते रोज सकाळी तपासण्यांच्या छापील कागदावर खुणा करायचे आणि कागद खाली यायचा. आम्रपाली वर जायची. तेरा दिवस हे चाललं. जन्मताना बाळाचं हिमोग्लोबिन सोळा होतं, ते नवावर आलं. बाळ पांढरं पडलं, मधूनच श्वास घ्यायचं विसरायला लागलं. तेराव्या दिवशी डॉक्टरांनी रक्त चढवलं. सतरा मिली, तीन-साडेतीन तासांत, थेंबाथेंबाने. तेवढा वेळ दूध बंद. उज्वला काचेला हात लावून बसली होती. उठायला सांगितलं तरी उठली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्रपाली दोन नळ्या घेऊन बाहेर आली तेव्हा कमळाबाईने तिला थांबवलं.

"गो बाय, एक विचारू?"

"विचारा ना, मावशी."

"तू रोज येतेस न् रोज नेतेस. मग डाक्टर बोलतो, पोराला रगत कमी हाय."

आम्रपालीला हे नवं नव्हतं. रक्त काढलं की माणसं असं बोलतातच. "तपासल्याशिवाय कळणार कसं काय झालंय ते?"

"तपास गो. नको कोण बोलतंय? एका नळीचं तपासतेस. दुसरीचं काय करतेस?"

"ती राखीव असते."

"कुनासाठी?"

आम्रपाली म्हणाली, "नियम आहे, मावशी," आणि जिना उतरली. ती चिडली होती. वीस वर्षं रक्त काढणाऱ्या बाईला बाकावर बसून शिकवायचं म्हणजे काय? पण लॅबमध्ये येऊन तिने नळी ठेवायला फ्रिज उघडला, तेव्हा आत उज्वलाच्या बाळाच्या तीन राखीव नळ्या ओळीने उभ्या होत्या. आधीच्या दहा तिने आपल्याच हाताने लाल पिशवीत टाकल्या होत्या. त्यांतली एकही उघडलेली नव्हती. कुणी कधी उघडणारही नव्हतं.

तेरा राखीव नळ्या, सव्वा मिलीच्या. म्हणजे सव्वासोळा मिली. आणि बाळाला काल चढवलं सतरा.

तिने पुन्हा एकदा गुणाकार केला आणि तोच आकडा आला. अकराशे पन्नास ग्रॅमच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून रक्त असतं शंभर मिली, म्हणजे एक कटिंग चहा. त्या चहातून तिने तेरा दिवसांत, तपासायचं आणि राखीव मिळून, एक तृतीयांश काढून घेतला होता. तपासायचं म्हणून जे घेतलं त्याचं काही कारण तरी होतं. राखीवला कारणच नव्हतं. तिला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती वाटली. हातातली चौदावी नळी तिने फ्रिजमध्ये ठेवली नाही. ती घेऊन ती तशीच वर डॉक्टरांच्या खोलीत गेली.

"सर, ही नळी तुम्ही मागितली होती का?"

डॉक्टर ऋत्विक यांनी नळीकडे पाहिलं. राखीव नळीबद्दल त्यांना ठाऊकच नव्हतं. दोन्ही नळ्या तपासणीलाच लागत असणार असं ते धरून चालले होते. आम्रपालीने सदूपासून सगळं सांगितलं, आकडाही सांगितला. त्यांनी समोरचा तपासण्यांचा कागद पुढे ओढला. मग म्हणाले, "मॅडम, मी पण रोज डोळे झाकून खुणा करत होतो. निम्म्या तपासण्या एक दिवसाआड चालल्या असत्या. बाळाच्या खाटेजवळ ते छोटं यंत्र आहे, त्याला तीन थेंब पुरतात. ते आपण फक्त इमर्जन्सीला वापरतो."

त्याच दिवशी दोघांनी मिळून नवीन पद्धत ठरवली. छापील कागद बंद, प्रत्येक तपासणी का हवी ते डॉक्टर हाताने लिहिणार. जमेल तेवढं टाचेच्या थेंबावर भागवायचं. किती रक्त काढलं ते प्रत्येक वेळी बाळाच्या फाइलवर लिहायचं. प्रसूतिगृहातही डॉक्टर स्वतः जाऊन सांगून आले की बाळ ठीक असेल तर नाळ एक मिनिट थांबून बांधा, वारेतलं रक्त बाळाकडे जाऊ द्या. बाळ पूर्ण दुधावर आलं की लोहाचे थेंब सुरू करायचे. आम्रपालीने खाली येऊन आपल्या हाताखालच्या पूजाला तोंडी सांगितलं, वरच्या बाळांची राखीव घ्यायची नाही. पूजा मान डोलावून सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसली.

इथे आम्रपाली चुकली. वीस मार्चला चवदार तळ्यावर माणसांचा समुद्र लोटतो. तिच्या घरी चार दिवस आधीपासून मुंबईचे पाहुणे असतात, आणि ती आणि राहुल दरवर्षी पाणी वाटायच्या टेबलाशी उभे राहतात. एकोणीस आणि वीस तिची रजा, ती कधी चुकत नाही. एकोणीसला बाळाचं पोट फुगलं, डॉक्टरांनी तपासण्या लिहिल्या. शीर सापडायला पूजाला वेळ लागला. एकदाची सापडली तेव्हा तिने जुन्या मापाने नळी भरली, आणि भिंतीवर मॅडमच्याच अक्षरात लिहिलेलं असल्यामुळे दुसरीही भरली. वीसला पुन्हा तसंच. पाच मिली. मोठ्या माणसाच्या मानाने पाव लिटर.

एकवीसला आम्रपालीने फ्रिजमध्ये दोन राखीव नळ्या पाहिल्या आणि पूजाला फैलावर घेतलं. पूजा रडवेली होऊन म्हणाली, "मॅडम, मला वाटलं शीर सापडते तेव्हा घेऊन ठेवावं. कागदावर तर तसंच आहे." आम्रपालीचा आवाज तिथेच खाली आला. तिने स्टूल घेतलं, वर चढली आणि तो कागद नखाने खरवडून काढला. प्लॅस्टिक निघालं, चिकटपट्टीचा चौकोन भिंतीवर राहिला. पूजाला ती म्हणाली, "चूक तुझी नाही. मी तुला वीसदा शिकवलं आणि एकदाच मोडायला सांगितलं."

एप्रिल उजाडला. बाळ पंधराशे ग्रॅमचं झालं, ऑक्सिजन सुटला, दूध पचायला लागलं, लोहाचे थेंब सुरू झाले. पण अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं हिमोग्लोबिन या सुमाराला तसंही उतरतं, अंगात नवं रक्त तयार व्हायला वेळ लागतो. दोन तारखेला टाचेच्या थेंबात आकडा आला सात पूर्णांक चार. डॉक्टरांची रेघ सातावर होती. ते उज्वलाला म्हणाले, "उद्या परत बघू. सातच्या खाली गेलं तर पुन्हा रक्त द्यावं लागेल."

उज्वलाने विचारलं, "परत दूध बंद?"

"थोडा वेळ. रक्त वाईट नसतं हो, त्याने बाळं वाचतात. पण टळलं तर बरं."

उज्वलाने बाळाच्या पायातला सुटलेला मोजा परत चढवला. आम्रपाली तिथेच उभी होती. बाहेर आल्यावर तिने डॉक्टरांना गाठलं. आपला अधिकार नाही हे तिला कळत होतं, तरी ती बोलली.

"सर, उद्या कशाला बघायचं? बाळ दूध पितंय, वजन वाढतंय, श्वास चुकत नाही. उद्या आकडा सात पूर्णांक दोन आला तर तुम्ही परवा परत बघाल. टोचून बघण्यातच खाली जाईल."

"आणि न बघता काही झालं तर?"

"झालं तर आधी बाळ सांगेल. तुम्ही त्याला बघा. मी टोचायला येणार नाही."

ही भाषा डॉक्टरांना लागली असावी. ते तडक आत गेले, बाळाची नाडी मोजली, फाइल चाळली, वजनाचा तक्ता पाहिला. मग बाहेर येऊन म्हणाले, "पाच दिवस. पण सिस्टर दर दोन तासांनी श्वास आणि नाडी लिहितील. एक जरी गडबड वाटली तर मी थांबणार नाही."

ते पाच दिवस आम्रपालीच्या आयुष्यातले सगळ्यात कठीण. जिचा हात चालला की लोक निश्चिंत व्हायचे, तिला हात खिशात घालून बसायचं होतं. रोज सकाळी ती रिकाम्या हाताने वर जायची, काचेतून बघायची आणि परत यायची. बाळ गुलाबी आहे की तिलाच तसं वाटतंय, ते तिला ठरवता येत नसे. कमळाबाई बाकावरून बघत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आज पन काय नाय नेत?"

"नाय, मावशी."

कमळाबाईने सरकून बाकावर जागा केली. आम्रपाली बसली. दोघी काचेकडे बघत राहिल्या.

सहाव्या दिवशी टाचेचे तीन थेंब. आकडा आला सात पूर्णांक आठ. रक्तातल्या नव्या पेशीही वाढलेल्या. डॉक्टरांनी आकडा दोनदा वाचला आणि आम्रपालीकडे बघून नुसती मान हलवली. पुन्हा रक्त द्यावं लागलं नाही. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, एक किलो नऊशे ग्रॅमचा तो मुलगा घरी जायला निघाला.

निघायच्या दिवशी आम्रपालीने उज्वलाला लॅबमध्ये बसवलं. लोहाचे थेंब कसे द्यायचे, शी काळी झाली तर घाबरून बंद करायचे नाहीत, वजन वाढेल तसं माप डॉक्टरांना विचारून वाढवायचं, हे सगळं सांगितलं. मग जे सांगायला बसवलं होतं ते सांगितलं. राखीव नळी, तेरा दिवस, सव्वासोळा मिली. काही लपवलं नाही.

उज्वला ऐकत होती. बाळ मांडीवर झोपलं होतं.

"म्हणजे त्याला जेवढं दिलं, तेवढंच तुम्ही काढलेलं?"

"हो. जवळजवळ तेवढंच."

"मला वाटलं माझंच काय चुकलं. पोटात असताना मी खाल्लं नाय नीट. सगळे तेच बोलत होते. माझ्या बाळाच्या आधी किती होती?"

आम्रपालीला आकडा पाठ होता. सगळी जुनी रजिस्टरं तिने आधीच उपसली होती. "विभाग सुरू झाल्यापासून एकशे बारा बाळं. त्यांतल्या एकतीस जणांना रक्त द्यावं लागलं. त्यांतल्या किती जणांना नळीमुळे, ते मला सांगता येणार नाही."

"मग त्यांच्या आयांना पन सांगा," उज्वला म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. बाळाला उचलून ती उठली, आणि दारात थांबून एवढंच म्हणाली, "मला सांगितलंत ते बरं केलंत."

हॉस्पिटलच्या मालकांना हे पटणार नव्हतं आणि पटलंही नाही. फोन करा, लोहाचे थेंब चालू आहेत का विचारा, बाकी कशाला उकरता, असं ते म्हणाले. डॉक्टर ऋत्विक मात्र म्हणाले, "करा. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा, खुणा मी केल्या होत्या." जुन्या बाळांच्या वेळी ते इथे नव्हतेच, पण हे आम्रपालीने त्यांना बोलून दाखवलं नाही. रजिस्टरांतून काढलेल्या यादीतली कितीतरी बाळं अशक्त असणार, त्यांची तपासणी व्हायला हवी, हे तर खरंच होतं. रविवारी दुपारी घरच्या ओट्यावर बसून तिने आपल्याच मोबाइलवरून पहिला नंबर लावला. आवडी नावाची बाई, पोलादपूरच्या पुढची. मुलगा त्या एकतीस जणांतला, आता तीन वर्षांचा.

मुलगा बरा होता. लोहाचे थेंब सहा महिन्यांनी बंद केले होते. खातो का, खेळतो का, हे विचारून झालं. मग आम्रपालीने पहिल्यापासून सांगायला घेतलं. सांगून संपलं. फोन कट झाला की काय म्हणून आम्रपालीने कानावरून काढून पाहिला.

"ऐकताय ना?"

"हाय मी," आवडी म्हणाली. "तीन वरसं माझी सासू बोलते, तुझं रगत कमजोर म्हनून पोराला लोकाचं रगत द्याय लागलं. कोनी पावनं आलं की पहिलं तेच सांगते. बाय, हे आता बोललात ते तिला सांगाल? ती इथंच बसलीय."

"द्या फोन," आम्रपाली म्हणाली.